क्रोम सोडून फायरफॉक्स: ऑफिसात आणि लोकलमध्ये वापरल्यानंतर

लालबागला आमचं टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. जीएसटी, आयकर रिटर्न, टीडीएस, अधूनमधून कुणाचं शॉप ॲक्टचं काम. दिवसभर ब्राउझर उघडाच असतो. रिटर्नचा सीझन सुरू व्हायच्या आधी मी लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर क्रोम बाजूला ठेवून फायरफॉक्स मुख्य ब्राउझर केला. सीझनची धावपळ त्याच्यावरच निघाली, दिवाळीही होऊन गेली. मी परत क्रोमकडे जाणार नाही. पण प्रत्येकाला हा बदल झेपेल असं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी वेगाचं बोलू, सगळे पहिलं तेच विचारतात. क्रोम, एज आणि ब्रेव्ह यांच्यात वेगाचा फरक शोधत बसण्यात अर्थ नाही, तिघांच्या पोटात क्रोमियमच आहे, म्हणजे गूगलनं उभा केलेला तोच पाया आणि पान उघडून दाखवणारं तेच इंजिन. एजनं जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून तेच घेतलं. ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हेही त्यातलेच. फायरफॉक्सचं गेको हे इंजिन मात्र त्याचं स्वतःचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वांटम आवृत्ती आली तेव्हापासून त्याचा जुना संथपणा बराच गेला. तरी मोठी ऑनलाइन शीट उघडली की क्रोम आजही थोडा पुढे वाटतो, हे मान्य.

पण आपला खरा वेळ इंजिनात जातच नाही. करी रोडहून भांडुपला घरी जाताना हे रोज दिसतं. दादरला लेडीज डब्यात गर्दी घुसली की फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि पान मात्र हलत नाही, कारण आजूबाजूचे हजारो फोन त्याच टॉवरवर असतात. अशा वेळी क्रोममध्ये मराठी बातमी उघडली की आधी मथळा यायचा. मग वरून जाहिरातीचा पट्टा उतरायचा आणि मजकूर खाली ढकलला जायचा. ‘पुढे वाचा’वर बोट टेकवावं तर ते नेमकं जाहिरातीवर पडायचं. तोवर कोपऱ्यात एक व्हिडिओ आपोआप सुरू झालेला असायचा. आता फोनवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलंय, म्हणजे जाहिराती आणि माग ठेवणारे अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम). तीच बातमी, तोच फोन, तीच दादरची गर्दी, आणि मजकूर माटुंगा यायच्या आत वाचायला मिळतो. ॲड्रेस बार स्क्रीनच्या खाली ठेवता येतो, त्यामुळे एका हातानं कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं सगळं चालतं.

यूब्लॉकच्या चिन्हावर बोट ठेवलं की त्या पानानं बाहेरच्या सर्व्हरांकडे पाठवलेल्या किती विनंत्या अडवल्या ते दिसतं. एका साध्या बातमीसाठीही तो आकडा पाहून मी थबकले होते. त्यातल्या कितीतरी विनंत्या मी काय वाचते, कुठून आले, कुठं जाते याची नोंद ठेवणाऱ्यांच्या. म्हणजे माझा डेटा पॅक खर्च करून, माझा वेळ घेऊन, माझीच टेहळणी. म्हणून ‘वेग हवा की प्रायव्हसी’ हा प्रश्नच मला पटत नाही. टेहळणी थांबवली की पान आपसूक हलकं होतं. वर्तमानपत्रं जाहिरातींवर चालतात याची मला जाणीव आहे. ज्या साइट जाहिराती सभ्यपणे लावतात त्यांना मी यूब्लॉकमध्ये सूट देऊन ठेवली आहे.

हे क्रोममध्ये का नाही? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाहीत. कॉम्प्युटरवर येतात, पण गूगलनं मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवे नियम आणले आणि २०२४-२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडलं. तिथं आता त्याची लाइट आवृत्ती चालते. ती वाईट नाही, पण तिची ताकद कमी आहे. फायरफॉक्सनं मूळ यूब्लॉक चालण्याची जुनी सोय काढलेली नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवरही एक्स्टेन्शनचं दालन सगळ्यांना खुलं केलंय.

आता ज्याच्यासाठी मी हा ब्राउझर कधीच सोडणार नाही ते: मल्टी-अकाउंट कंटेनर्स. हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच फुकट एक्स्टेन्शन. एकाच खिडकीत प्रत्येक टॅबला रंग देता येतो आणि प्रत्येक रंगाचं लॉगिन वेगळं राहतं. हिरव्यात ऑफिसचा मेल, निळ्यात माझा स्वतःचा, केशरीत क्लायंटचं खातं. समोर खुर्चीत क्लायंट बसलेला असतो, ओटीपी त्याच्या फोनवर आलेला असतो आणि तो चष्मा शोधत असतो. तेवढ्या वेळात मी दुसऱ्या रंगाच्या टॅबमध्ये पुढच्याचं काम उरकते. लॉगआउट, लॉगिन, पुन्हा कॅप्चा ही कटकट गेली. क्रोममध्ये प्रोफाइल आहेत, पण प्रत्येक प्रोफाइलची खिडकी वेगळी. महिनाअखेरीला त्या खिडक्यांच्या गर्दीत कुणाचं चलन कुठं भरतोय याची धास्ती असायची.

दुसरी गोष्ट घरगुती आहे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची माहिती काढत होते त्या काळात कुठलीही साइट उघडली की गुडघ्याचे पट्टे आणि हॉस्पिटलची पॅकेजेस समोर. ऑफिसात टेबलापलीकडून लोक स्क्रीन बघत असतात. आमच्या घरातलं दुखणं त्यांना का कळावं? फायरफॉक्स जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज (आपली ओळख लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) वेगळ्या कप्प्यात ठेवतो, त्यामुळे एका साइटवरचा माग दुसरीकडे जोडणं अवघड होतं. गूगलनं क्रोममध्ये थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटशिवाय इतरांनी ठेवलेल्या कुकीज, बंद करण्याचं २०२० मध्ये जाहीर केलं आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. इनकॉग्निटोवर विसंबणाऱ्यांनाही सांगते, त्यानं फक्त आपल्या कॉम्प्युटरवरची हिस्ट्री राहत नाही. साइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आपण दिसतोच.

अडचणीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. एका बँकेच्या कॉर्पोरेट लॉगिनचं पान फायरफॉक्समध्ये अर्धवट उघडतं आणि बटण दाबलं तरी ढिम्म. डिजिटल सिग्नेचर लावायच्या एका पोर्टलवरही असंच अडतं. या दोन कामांसाठी एज ठेवलंय, ते विंडोजसोबत आलेलंच असतं. शिवाय त्यात जुन्या साइटसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर मोड आहे. साइट बनवणारे फक्त क्रोमवर तपासून मोकळे होतात, त्याचा भुर्दंड आपल्याला. लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. खूप टॅब साठले की फायरफॉक्सही धापा टाकतो, पण टॅबवर राइट क्लिक करून तो मेमरीतून उतरवता येतो. त्यानं काम भागतं. उभ्या टॅबची पट्टी मार्च २०२५ मध्ये आली, ती मात्र लगेच सुरू करा. लांबलचक पोर्टलांची नावं तिथं पूर्ण वाचता येतात.

आणि मोझिला म्हणजे धुतल्या तांदळासारखी असंही मी म्हणणार नाही. तिची बहुतेक कमाई सर्चमध्ये गूगल डिफॉल्ट ठेवण्याच्या मोबदल्यातून येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं फायरफॉक्ससाठी पहिल्यांदाच वापराच्या अटी आणल्या आणि ‘तुमचा डेटा कधीच विकणार नाही’ अशा अर्थाचं जुनं आश्वासन काढून टाकलं, त्यावर लोक चिडले. मलाही ते आवडलं नाही. मी सेटिंगमध्ये टेलिमेट्री (आपल्या वापराची माहिती मोझिलाला पाठवणं) बंद केली आणि वापर चालू ठेवला, कारण ज्यात मूळ यूब्लॉक आणि कंटेनर दोन्ही एकत्र मिळतील असा दुसरा ब्राउझर माझ्यासमोर नाही.

ज्यांना एक्स्टेन्शन, कंटेनर यात पडायचंच नाही त्यांना मी ब्रेव्ह सुचवते. जाहिराती अडवायची सोय आतच आहे आणि क्रोमियम असल्यामुळे साइट सहसा अडत नाहीत. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर तेच टाकून दिलं. पहिल्यांदा उघडल्यावर त्यातली क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं लपवली, एवढंच.

आयफोनवाल्यांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं आणि फायरफॉक्समध्ये यूब्लॉक टाकता येत नाही. तिथं ब्राउझर बदलण्यापेक्षा सफारीच ठेवा आणि ॲप स्टोअरवरून यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. ते मोफत आहे. टाकल्यावर सेटिंगमध्ये जाऊन सफारीच्या एक्स्टेन्शनमध्ये ते सुरू करावं लागतं.