फॉल फ्रॉम हेवन २: पहिल्या शंभर टर्नमध्ये उभं राहणारं राज्य

सरळ मुद्द्यावर येतो. गेले कित्येक महिने ‘सिव्हिलायझेशन ४’ या राज्य उभारणीच्या कॉम्प्युटर गेमवरचा ‘फॉल फ्रॉम हेवन २’ हा मॉड (चाहत्यांनी मूळ गेम बदलून केलेली आवृत्ती) खेळतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय: राज्य उभारणीच्या पहिल्या टप्प्यासाठी याच्या तोडीचा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही. राज्य मोठं झाल्यावर रंग उतरतो, तेही पुढे लिहितो. पण दोन-तीन शहरं, मोजके शिपाई, जेमतेम सोनं आणि सीमेपलीकडे काय दडलंय याचा पत्ता नाही, या अवस्थेत जी धाकधूक असते तिच्यासाठी हा मॉड बसवावाच.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मूळ गेम २००५चा, ‘बियाँड द स्वॉर्ड’ हे त्याचं एक्सपान्शन, म्हणजे जोडभाग, २००७चा. मॉड त्या एक्सपान्शनवर चालतो. डेरेक पॅक्स्टन यांनी ‘केल’ या नावाने तो घडवला आणि त्यातलं एरेबस हे जग त्यांच्या स्वतःच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) डावांतून आलं. मूळ कंपनीला काम इतकं आवडलं, की याच जगातला ‘एज ऑफ आइस’ हा छोटा खेळ खुद्द एक्सपान्शनबरोबर दिला गेला. पॅक्स्टन पुढे स्टारडॉक या गेम कंपनीत गेले आणि २०१२च्या ‘फॉलन एन्चान्ट्रेस’ या गेमवर त्यांनी काम केलं. तरी माझ्या लेखी हा फुकटचा मॉडच सरस आहे.

कथा अशी: हिवाळ्याचा देव मुल्कार्न याने जग बर्फाखाली गाडलं होतं. तो मारला गेला, बर्फ ओसरला आणि उरलेसुरले समाज पुन्हा शहरं वसवू लागले. आपला पहिला टर्न (खेळातली पाळी) या क्षणापासून सुरू होतो. म्हणजे आपण कोऱ्या जमिनीवर येत नाही. एक जग आधी होऊन गेलंय, त्याचे पडके अवशेष जागोजागी आहेत आणि त्यांतून सांगाडे बाहेर पडतात.

मूळ सिव्हमध्ये पहिला स्काउट (टेहळ्या) मॅपभर तुलनेने निर्धास्त हिंडतो. इथे तसं जमत नाही. सीमेबाहेर पाऊल टाकलं की लांडगे, सिंह, अस्वलं, मोठाले कोळी. थडग्यांतून सांगाडे निघतात, पडक्या वास्तूंतून सरड्यासारखी माणसं, गॉब्लिनांचे किल्ले वेगळेच. गॉब्लिनने लांडग्याला मारलं तर तो लांडग्यावर स्वार होतो आणि मग त्याच्या वेगापुढे आपला वॉरियर कुठेच पुरत नाही. अशात ऑर्थस नावाचा ऑर्क सरदार हातात कुऱ्हाड घेऊन उगवतो. ज्या शहराच्या दिशेने तो चालू लागतो, तिथलं सगळं काम थांबवून फक्त शिपाई काढावे लागतात. त्याला मारलं तर ती कुऱ्हाड आपल्या युनिटला (तुकडीला) मिळते आणि पुढचा बराच काळ ते युनिट आघाडीवर राहतं.

या सगळ्यामुळे दुसरं शहर वसवणं हाच मोठा निर्णय होतो. सेटलरबरोबर (नवं शहर वसवणाऱ्या युनिटबरोबर) किती शिपाई द्यायचे, तोवर राजधानी किती उघडी पडेल, वाटेतल्या थडग्याचा आधी बंदोबस्त करायचा की वळसा घालून जायचं. थडग्यात आणि अवशेषांत शिरून शोध घेता येतो. नशीब चांगलं असेल तर सोनं, एखादं तंत्रज्ञान, सुटका झालेले कैदी. नसेल तर राक्षसी काहीतरी बाहेर येऊन जवळच्या शहरावर चालून जातं. माझा नियम ठरलाय: आपल्या शहरापासून मॅपवरच्या दोन-तीन चौकोनांच्या आत असलेल्या अवशेषाला भिंतींमागे दोन शिपाई बसल्याशिवाय हात लावायचा नाही. शिकारी युनिटला प्राणी पकडण्याचं प्रमोशन मिळालं की तेच सिंह आणि अस्वलं शहरातल्या जत्रेत पिंजऱ्यात ठेवता येतात आणि लोक खूश होतात. ज्या जनावरांनी सुरुवातीला वाट अडवली त्यांचाच पुढे असा उपयोग, ही आखणी मला फार आवडली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. यात एकवीस समाज आहेत आणि मूळ गेमसारखा त्यांच्यात चिल्लर बोनसचा फरक नाही. राज्य वाढवायचं म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं उत्तरच प्रत्येकाचं निराळं आहे.

खजाद हे बुटके लोक घ्या. त्यांच्या प्रत्येक शहरात तिजोरी असते. आपल्याकडचं एकूण सोनं भागिले शहरांची संख्या, यावर ती तिजोरी रिकामी, बरी की ओसंडून वाहणारी ते ठरतं. भरलेली असेल तर लोक आनंदी आणि उत्पादन जोरात, रिकामी असेल तर असंतोष. म्हणजे नवं शहर वसवलं की त्याच क्षणी बाकी सगळ्या शहरांतला वाटा घटतो. शिवाय सिव्ह ४मध्ये शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचं अंतर वाढलं की मेंटेनन्स, म्हणजे शहरांच्या देखभालीचा खर्च, चढतोच, तो वेगळा. इतर गेममध्ये सोनं साठलं की मी लगेच खर्च करायचो. इथे शिपायांची शस्त्रं सुधारायला हात घालावा तर तिजोरीची पातळी खाली येते आणि राजधानीतच कुरकूर सुरू होते. खर्च करावा की ठेवावा, हा हिशेब प्रत्येक टर्नला. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचंच काम करतो. खेळत्या भांडवलाची ओढाताण इतक्या नेमकेपणाने मांडलेला गेम मी दुसरा पाहिला नाही.

खजाद खेळताना मला वारंवार पांडवलेणी आठवतात. नाशिककर शाळेच्या सहलीपासून तिथे जात असतात, पण लेख वाचायला फार कमी जण थांबतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली, पण हातावर ठेवली नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने ठेवली. मूळ रक्कम कायम, खर्च व्याजातून. नंतर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांवर आपला छाप मारून पुन्हा चालवली. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली १३ हजारांहून अधिक नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर असा दुहेरी ठसा आहे. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री त्याच्या ताब्यातले प्रदेश मोजते: असिक, असक, मूलक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. नुसती तलवार चालवून एवढा प्रदेश सांभाळला जात नाही. पैसा कुठे पडून आहे, कुणाकडे फिरतोय आणि घाटवाट कुणाच्या हातात आहे, यावर सगळं चालतं. या मॉडच्या पहिल्या शंभर टर्नमध्ये हेच तीन प्रश्न सतत समोर असतात, म्हणून तो मला खरा वाटतो.

घाटवाटेवरून मॅपचं सांगतो. मॉडबरोबर ‘एरेबस’ नावाची मॅप स्क्रिप्ट (मॅप तयार करणारी फाइल) येते, तीच निवडा. ती डोंगररांगा अशा टाकते की खोरी तयार होतात आणि आत यायला एक-दोनच वाटा उरतात. तिसरं शहर कुठे वसवायचं याचं उत्तर तेव्हा सुपीक जमिनीवर ठरत नाही, खिंडीवर ठरतं. कसाऱ्याचा घाट उतरून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा आवडता समाज कुरिओटेट्स. राजा कार्डिथ लॉर्डा, वयाने पोर. यांना पूर्ण वाढीची शहरं मोजकीच वसवता येतात, किती ते मॅपच्या आकारावर ठरतं. त्यापुढची गावं म्हणजे नुसत्या वसाहती: आसपासचा माल ताब्यात आणायचा, बाकी तिथे फारसं काही उभं राहत नाही. पण त्या मोजक्या शहरांचा घेर इतरांपेक्षा एका कड्याने मोठा असतो. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीवर घड विरळ करतात आणि ठेवलेल्या घडांचे मणी फुगतात, तसंच. त्यामुळे पहिली जागा निवडताना मी पाच-सात टर्न फिरून बघतो. एक शहर चुकीच्या जागी बसलं तर पुढचा सगळा खेळ लंगडतो.

बाकीचे थोडक्यात. ल्योसाल्फार एल्फ जंगल न तोडता त्यातच शेती आणि वस्ती करतात, सुरुवात शांतपणे होते. ग्रिगोरी कोणताच धर्म मानत नाहीत, त्याबदल्यात त्यांच्याकडे साहसवीर जन्माला येतात आणि त्यांना हव्या त्या युनिटमध्ये घडवता येतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी ग्रिगोरी सुचवेन. कॅलाबिम हे रक्तपिपासूंचं राज्य, त्यांचे व्हॅम्पायर आपल्याच शहराची लोकसंख्या खाऊन अनुभव मिळवतात. आखणी उत्तम आहे, पण वाढवलेलं शहर स्वतःच्या हाताने रिकामं करायला माझं मन घेत नाही. क्लॅन ऑफ एम्बर्स रानटी टोळ्यांशी सुरुवातीला सलोख्यात असतात, म्हणजे माझ्या आवडीची धाकधूकच निघून जाते.

प्रत्येक समाजाला एक जागतिक मंत्र मिळतो आणि तो अख्ख्या खेळात एकदाच वापरता येतो. खजादांचा ‘मदर लोड’ प्रत्येक खाणीमागे सोनं देतो. लवकर वापरला तर खाणी कमी म्हणून सोनं कमी, पण तिजोरी तेव्हाच भरायची गरज असते. थांबलो तर रक्कम मोठी, पण तोवर शेजारी पुढे निघून जातो. एलोहिमांचा ‘सँक्चुअरी’ शत्रूला काही काळ सीमेबाहेर ढकलतो, लानुनांचा ‘रेजिंग सीज’ किनारपट्टीला झोडपतो. मी खजाद खेळताना तिसरं शहर वसल्याबरोबर ‘मदर लोड’ वापरून टाकतो. त्या सोन्यावर चौथ्या शहरापर्यंतची ओढाताण निभते.

रविवारी पंचवटीहून भाचा येतो. एकाच लॅपटॉपवर आलटून पालटून खेळायची हॉटसीटची सोय आहे, ती या मॉडमध्ये नीट चालते. तो बहुतेक वेळा हिप्पस घेतो, घोडेस्वारांचं राज्य.

“मामा, तुझ्या खिंडीत एकच वॉरियर उभाय. घोडे घातले तर?”

“घाल. पण तुझी दोन्ही शहरं उघडी ठेवून येशील, आणि ऑर्थस अजून मेलेला नाही.”

त्याने घोडे घातले नाहीत. दोघांच्या मधला तो सरदार मरेपर्यंत आमचा तह टिकला, आणि तो कुणी लिहून दिलेला नव्हता. एआयबरोबर, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या राज्यांबरोबर, खेळताना असं घडत नाही. हा मॉड माणसाबरोबर खेळायला मिळाला तर ती संधी सोडू नका.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत. मूळ मॉडमधल्या एआयला जादू वापरताच येत नाही म्हटलं तरी चालेल. आपले जादूगार काळाबरोबर आपोआप अनुभव मिळवत जातात आणि मध्यावर आल्यावर शेजाऱ्यांच्या फौजा त्यांच्यापुढे टिकत नाहीत. ‘मोअर नेव्हल एआय’ हा याच मॉडवरचा मॉड बसवला तर फरक स्पष्ट जाणवतो. मी आता तोच खेळतो आणि तुम्हीही थेट तिथूनच सुरुवात करा. दुसरं, राज्य मोठं झालं की प्रत्येक टर्नला इतकी युनिटं हलवावी लागतात की विचार मागे पडतो आणि नुसतं क्लिक करणं उरतं. प्रलयाचा आकडा शून्यापासून १०० पर्यंत चढतो, शहरं जाळली की वाढतो आणि जसजसा वर जातो तसे रोगराई, प्रलयाचे घोडेस्वार वगैरे अवतरतात. कुणी ‘इन्फर्नल पॅक्ट’ शोधलं तर हायबोरेम आपलं नरकाचं राज्य घेऊन मॅपवर उतरतो. कल्पना जबरदस्त आहेत. पण तिथवर माझ्या खेळाचा निकाल बहुतेक वेळा लागलेला असतो, म्हणून मी ते डाव अर्ध्यावर सोडून नवा समाज घेतो. यात मला काही गैर वाटत नाही.

तिसरी तक्रार तांत्रिक. गेम ३२ बिटचा, त्यामुळे अवाढव्य मॅपवर उशिराच्या टप्प्यात मेमरी संपून तो बंद पडतो. स्टँडर्ड आकारापुढे जाऊ नका. पहिल्या टप्प्यासाठी स्मॉल मॅप तर सर्वांत चांगला, शेजारी लवकर भेटतात.

बसवण्याबद्दल: गेम ‘बियाँड द स्वॉर्ड’सकट घ्या, ३.१९ पॅच हवा, मॉडचा फोल्डर ‘बियाँड द स्वॉर्ड’मधल्या ‘मॉड्स’मध्ये टाका. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, माझा ऑफिसकामाचा जुना लॅपटॉप पुरतो. माझी बॅटरी आता धरत नाही आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्या इंदिरानगरात लाइट हमखास जाते, म्हणून एक बदल पहिल्याच दिवशी करा. गेमच्या आयएनआय फाइलमध्ये ‘ऑटोसेव्हइंटरव्हल’ ४ असतं, म्हणजे चार टर्नांनी एकदा सेव्ह. ते १ करा. अवघडपणाची पातळी नोबल (मधली) ठेवा, रेजिंग बार्बेरियन्सचा (रानटी टोळ्यांचे हल्ले वाढवणारा) पर्याय पहिल्या डावात बंद आणि समाज अंगवळणी पडला की चालू. चालू केल्यावर राजधानीत तिसरा वॉरियर तयार होईपर्यंत सेटलरला हात लावू नका.