घर ते गोठा सव्वा किलोमीटर: लाईटबीमच्या जोडीवर एक पावसाळा

जुन्नर तालुक्यात उसाला लागून गोठा असला की बिबट्यासाठी कॅमेरा लावणं ही हौस उरत नाही. फायबर गावठाणातल्या घरापर्यंतच आलंय आणि गोठ्यावर मोबाईलची रेंज बोलण्यापुरती. म्हणून घरचं इंटरनेट बिनतारी गोठ्यापर्यंत नेणाऱ्या डिशची, म्हणजे युबिक्विटी कंपनीच्या लाईटबीम ५एसी जेन२ ची, जोडी उन्हाळ्यात बसवली. आता दिवाळी झाली.

सेटिंग फार नाही. गच्चीवरची डिश ॲक्सेस पॉइंट (लिंक देणारी), गोठ्यावरची स्टेशन (तिला जोडली जाणारी), दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे मधल्या तारेसारख्या. खरा घाम नेम धरताना निघतो. २३ डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिशचा झोत अरुंद, शिवाय त्याच्या आजूबाजूला छोटे झोतही असतात. डिश त्यातल्या एकावर अडकली तरी लिंक जुळते, सिग्नलचा आकडा दिसतो आणि माणूस खुशीत नट आवळून खाली उतरतो. तेव्हा आकडा चढून परत पडेपर्यंत डिश फिरवायची, दोन्हीकडचा उतार बघायचा, मग मधोमध यायचं. आधी आडवी, मग उभी. एका टोकाला काम चालू असताना दुसऱ्याने आपल्या डिशला हात लावायचा नाही; धाकट्या भावाला हे फोनवर दरडावूनच सांगावं लागलं.

नेम बरोबर बसला का, हे हिशेबाने कळतं. देश भारत निवडून ५.८ गिगाहर्ट्झला प्रक्षेपणाच्या ३६ डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) मर्यादेत राहिलं, तर या अंतराला कागदावर सिग्नल साधारण उणे ५० डीबीएम येतो; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमच्याकडे उणे ५३ आलं. उणे सत्तर दिसत असेल तर गडबड आहे, पुन्हा चढा.

श्रावणात आकडा उणे ६४ वर गेला. गावात सगळ्यांचं एकच निदान: पाऊस. पण या फ्रिक्वेन्सीला एवढ्याशा अंतरात पावसाने फारसं बिघडत नाही, आणि उघडीप असली तरी आकडा तोच. खरं कारण बांधावरचं सुबाभूळ. गच्चीवरून गोठ्याचा खांब स्वच्छ दिसत होता, पण रेडिओला नुसती नजरेची रेघ पुरत नाही. मधल्या टप्प्यात त्या रेघेभोवती सुमारे चार मीटर त्रिज्येचा फ्रेनेल झोन असतो, त्यातला निदान ६० टक्के मोकळा लागतो. ओला पाला तिथेच शिरला होता. छाटणी झाली, आकडा जागेवर आला. ऊसही तीन-साडेतीन मीटर वाढतो, त्यामुळे गोठ्याचा खांब वीस फुटी घेतलाय. दोन इंची जीआय पाइप आणि तीन ताण. यात काटकसर केली तर वाऱ्याने खांब फिरतो आणि नेम गेला.

शेतीची लाईट पाळीची, म्हणून गोठ्यावर सोलर पॅनल आणि बॅटरी. डिशला २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) लागतो, तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीपुढे कन्व्हर्टर हवाच. नेहमीच्या पीओई स्विचवर ती चालत नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

चॅनल २० मेगाहर्ट्झचाच ठेवलाय. चार कॅमेऱ्यांना तो भरपूर होतो आणि गोंगाटही कमी पकडतो. तुमचं अंतर दोन-तीनशे मीटरच असेल तर मात्र ही डिश नको. साधा पॅनल सीपीई (चपट्या अँटेनाचा छोटा बिनतारी रेडिओ) घ्या, तो नुसत्या नजरेच्या अंदाजानेही जुळतो.