सिंगल ३-५००झेड लिनिअर: नऊ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरात एका ज्येष्ठ हॅमकडून (हौशी रेडिओवाल्याकडून) त्यांनी स्वतः बांधलेला लिनिअर, म्हणजे रेडिओ सेटचा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर, घेतला. आत एकच ३-५००झेड ट्यूब (व्हॉल्व्ह), तिच्या प्लेटवर ३००० व्होल्ट. ट्यूब याहून जास्त देऊ शकते, पण जनरल ग्रेडच्या हॅम लायसन्सला मर्यादा ४०० वॅटची, म्हणून ड्राइव्ह (सेटकडून लिनिअरला जाणारी पॉवर) ३५-४० वॅटच्या वर नेत नाही. शंभर वॅटवरून चारशेवर गेलं की समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक एस-युनिट, म्हणजे एक अंक, वाढतो. ४० मीटर बँडवर गोंगाट असेल तेव्हा तेवढंच पुरतं.

गंगापूर रोडला आमच्याकडे रात्री उशिरा २५० व्होल्ट येतात. हाय व्होल्टेजची जोडणी सोडवून ट्यूबच्या फिलामेंटचं (आतल्या तापणाऱ्या तारेचं) व्होल्टेज मोजलं, तर ५ ऐवजी ५.४ व्होल्ट! अशाने ट्यूबचं आयुष्य घटतं. ट्रान्सफॉर्मरची मेनकडची जोडणी (टॅप) २३० वरून २४० वर घेतली. ब्लोअरची जाळी दर महिन्याला धुतो आणि बोलणं संपल्यावरही पंखा पाच मिनिटं चालू ठेवतो. ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर), तेही थोड्या थोड्या सेकंदांत.

आता मुख्य गोष्ट. बंद केल्यावर हाय व्होल्टेजचा काटा दीड-दोन मिनिटांत शून्यावर यायचा. मे महिन्यात एकदा तो चारशे व्होल्टच्या आसपास येऊन रेंगाळला. प्लग काढलेला होता, झाकणाचे दोन स्क्रू सुटले होते. हात तिथेच थांबला. आत चार्ज साठवणारे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर तो चार्ज रिकामा करणारा एक ब्लीडर रेझिस्टर. त्यातला एक ब्लीडर तुटला होता. बाकीचे सात कपॅसिटर रिकामे झाले, त्या ब्लीडरचा एकटा भरलेलाच. नुसती दोन टोकं शॉर्ट करून अशा वेळी भागत नाही, त्याचा चार्ज बाकीच्यांवर उलटा जाऊन बसतो. अर्थ केलेल्या काठीने, मध्ये रेझिस्टर घेऊन, प्रत्येक कपॅसिटर वेगवेगळा रिकामा केला आणि मग मीटर लावून पाहिला. आठही ब्लीडर बदलले, दुप्पट वॅटेजचे घातले.

तेव्हापासून घरात कोणी असल्याशिवाय झाकण उघडत नाही. बायकोला सांगून ठेवलंय, मला काही झालं तर आधी मेन स्विच पाड, मग हात लाव. काम करताना डावा हात खिशात.

जूनच्या पहिल्या पावसात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) १.३ वरून अडीचवर गेला. गच्चीवरच्या पीएल-२५९ मध्ये (अँटेना केबलच्या कनेक्टरमध्ये) पाणी शिरलं होतं. लिनिअर लगेच बायपास केला, म्हणजे मधून काढून सेट थेट अँटेनाला जोडला. नवीन कनेक्टर बसवून त्यावर सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळली आहे. श्रावण संपला की उघडून पाहणार आहे.