पैशाची ओढाताण असताना पोरांना खेळायला कुठे घालायचं? अकॅडमी, संघ की प्रबोधिनी

सध्या ज्यांच्या घरी नोकरीचं टेन्शन आहे, ते सगळ्यात आधी मुलांचा खेळ बंद करायला निघतात, म्हणून हे लिहितोय.

प्रायव्हेट अकॅडमीत, म्हणजे पुण्यात बाणेर-वाकड साईडला क्रिकेट, टेनिस वगैरे, सोय चांगली असते, टर्फ, लाईट, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सगळं मिळतं, पण फी हा फक्त पहिला खर्च असतो हो, त्यानंतर किट, मॅच फी, बाहेरगावच्या टुर्नामेंटला पोराबरोबर आईबापाचंही जाणं-राहणं, आणि फी बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची आगाऊ घेतात, त्यामुळे मधेच पगार थांबला तर पोराचा खेळही थांबला. अजून एक, दहावी-बारावीच्या ग्रेस मार्कांना शासनाच्या शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त असोसिएशनच्या स्पर्धाच धरतात, अकॅडमीने स्वतःच भरवलेल्या कपचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक.

माझं मत विचाराल तर अशा काळात खो-खो कबड्डीचा जुना संघ बघा. पुण्यात याची कमी नाही, खो-खोचे नियमच 1914 साली डेक्कन जिमखान्यावर ठरले आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कॅप्टन प्रतीक वाईकर पुण्याचाच. संघात वर्गणी नाममात्र असते, सामान म्हणजे चांगले शूज, आणि मोठी पोरं लहानांना शिकवतात म्हणून पगारी कोच कमी लागतो. फी थकली तर सर "नंतर बघू" म्हणतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तोटे पण आहेत, बाथरूमची बोंब, पावसात मैदान बंद आणि संघातलं राजकारण तर विचारूच नका.

क्रीडा प्रबोधिनी म्हणजे शासनाचं निवासी क्रीडा केंद्र (पुण्यातलं बालेवाडीला आहे), तिथे राहणं, खाणं, शिक्षण शासनाकडे. ऑलिंपिक ब्राँझवाला नेमबाज स्वप्नील कुसाळे प्रबोधिनीतूनच वर आला, नाशिकच्या प्रबोधिनीतून. पण तिथे चाचण्या देऊन निवड होते, मनात आलं म्हणून ॲडमिशन मिळत नाही, आणि लहान वयात पोर घरापासून लांब ठेवायची तयारी पाहिजे. फक्त पैसे वाचतात म्हणून पाठवू नका.

पोराला टेनिसच खेळायचंय असं असेल तर संघाचा उपयोग नाही, तिथे अकॅडमीवाल्यांना आठवड्याचे दिवस कमी करून फी कमी करता का ते सरळ विचारा, रिकाम्या बॅचपेक्षा अर्धी फी त्यांनाही परवडते.