दिवस भरल्यावर कळा आणाव्यात की येऊ द्याव्यात?

ज्या बाईचे गरोदरपण सुरळीत आहे, म्हणजे पोटात एकच बाळ, त्याचे डोके खाली, रक्तदाब व साखर ठीक आणि आधीचे सिझर झालेले नाही, तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी ही तुलना आहे. रक्तदाब वाढलेला असेल, मधुमेह किंवा सिकल सेल असेल, बाळाची वाढ कमी असेल, तर हिशेब वेगळा होतो आणि तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

दोन्ही मार्गांची तुलना करण्याआधी दिवस नेमके किती भरले हे पक्के करावे लागते आणि खान्देशात अडचण बहुधा येथेच येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने सुरतेला किंवा पुण्याला राहणारी लेक आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास चोपड्याला किंवा शहाद्याला येते, आणि तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा कागद सासरच्या कपाटातच राहतो. मग इथले डॉक्टर शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख धरतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवडाभराच्या आत अचूक असते, तर शेवटच्या महिन्यातली तीन आठवड्यांपर्यंत मागेपुढे होऊ शकते. त्यामुळे जिचे 39 आठवडे भरले असे वाटते तिचे प्रत्यक्षात 37 असू शकतात. तो पहिला कागद निदान फोनवर फोटो काढून तरी मागवावाच.

तारीख पक्की असेल, तरी 39 आठवडे पूर्ण होण्याआधी सुरळीत गरोदरपणात कळा आणू नयेत. चांगला मुहूर्त गाठायचा आहे, अमावास्या टाळायची आहे, गावी आलेल्या जावयाची रजा संपते आहे, ही कारणे घरात कितीही महत्त्वाची वाटली तरी बाळाच्या फुप्फुसांना त्यांचा उपयोग नसतो. 37 किंवा 38 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचे प्रमाण तुलनेने जास्त असते.

खरा प्रश्न 39 ते 41 या दोन आठवड्यांचा आहे. कळा आणल्या की सिझर होतेच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतील 41 रुग्णालयांत पहिलटकरणींवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र उलटे दिसले: 39 व्या आठवड्यात कळा आणलेल्यांपैकी 18.6 टक्के जणींचे सिझर झाले, तर वाट पाहणाऱ्यांपैकी 22.2 टक्के जणींचे. गरोदरपणातला रक्तदाबाचा त्रासही पहिल्या गटात कमी होता, 14.1 ऐवजी 9.1 टक्के. बाळांच्या प्रकृतीत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक आढळला नाही. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये, की तेथे कळा आणल्यावर पुरेसा धीर धरला जात होता आणि प्रसूतिगृहातला काळही साधारण 14 तासांवरून 20 तासांवर गेला होता. जेथे सकाळी गर्भपिशवीचे तोंड मऊ करणारे जेल लावून संध्याकाळी "प्रगती नाही" म्हणून सिझर ठरते, तेथे या अभ्यासाचा आधार घेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सुरळीत गरोदरपणात 41 आठवड्यांपूर्वी कळा आणण्याची शिफारस करत नाही.

आपोआप आलेल्या कळांमध्ये बाई सुरुवातीचे कित्येक तास घरीच हिंडूफिरू शकते, खाऊपिऊ शकते. आणलेल्या कळांमध्ये पहिल्यापासून दवाखान्यात राहावे लागते. आतून तपासून गर्भपिशवीचे तोंड किती मऊ आहे, किती उघडले आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, याला गुण देतात. ते आठ किंवा अधिक असले तर काम सोपे, सहा किंवा कमी असले तर आधी तोंड मऊ करावे लागते. त्यासाठी जेल, 25 मायक्रोग्रॅमची मिसोप्रोस्टॉल गोळी किंवा गर्भपिशवीच्या तोंडात बसवून पाण्याने फुगवलेला फोलीचा फुगा वापरतात. नंतर गरज पडल्यास सलाईनमधून ऑक्सिटोसिन थेंब मोजून दिले जाते. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर दोन कळांच्या मध्ये बाळाला सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून सलाईन सुरू असताना बाळाचे ठोके सतत पाहणारे कोणीतरी जवळ हवेच. घरी किंवा गावातल्या कोणाकडून कळांचे इंजेक्शन घेणे जिवावरचा धोका आहे, कारण एकदा दिलेले इंजेक्शन परत काढता येत नाही आणि सलाईनसारखे बंदही करता येत नाही.

41 आठवडे पूर्ण झाल्यावर पारडे स्पष्टपणे कळा आणण्याकडे झुकते. स्वीडनमध्ये 41 आणि 42 आठवड्यांची तुलना करणारा अभ्यास लवकर थांबवावा लागला, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. एकूण धोका तरीही लहानच असतो, पण तो टाळता येण्याजोगा आहे. म्हणून त्यापुढे थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी वाट पाहायची ठरली तर बाळाची हालचाल रोज ध्यानात घ्यावी आणि ती कमी वाटली तर उद्यावर न ढकलता लगेच दवाखाना गाठावा. धडगाव, मोलगीच्या पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी यात अंतराचीही भर पडते, कारण पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडला की रुग्णवाहिका पोहोचत नाही. मात्र दूर राहतो म्हणून लवकर कळा आणून घेणे हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे. तारीख जवळ आली की आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी येऊन राहण्याची सोय) किंवा तालुक्याच्या गावी नातलगांकडे येऊन राहावे. 39 ते 41 च्या दरम्यान कळा आणण्याचा विचार करायचा, तर पहिली सोनोग्राफी हाती हवी, गर्भपिशवीचे तोंड मऊ झालेले असावे आणि रात्री-बेरात्रीही सिझरची व रक्ताची सोय असलेले रुग्णालय असावे. यातले एक जरी नसेल, तर मी 41 आठवड्यांपर्यंत रुग्णालयाजवळ राहून वाट पाहायला सांगेन.