परराष्ट्र धोरण : अभ्यासक व्हायचं की पत्रकार?

१६ जून २०२०. मी पुण्यातल्या एका दैनिकात रात्रपाळीला होतो. लडाखमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीच्या बातमीला ‘तीन जवान हुतात्मा’ असा मथळा लावून झाला होता. रात्री लष्कराचं निवेदन आलं आणि आकडा वीस झाला. मथळा, चौकट, नकाशा, सगळं पुन्हा. त्यात संपादकांचा प्रश्न : “गोळी का चालली नाही, हे वाचक विचारणारच. काय सांगायचं?”

उत्तर एका प्राध्यापकांकडे होतं. १९९६ चा भारत-चीन करार, कलम ६ : प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. झोपमोड झालेली असताना, कागद न बघता त्यांनी ते सांगितलं. मी चाळीस शब्दांत बसवलं आणि पान सोडलं. प्राध्यापक मात्र पुढे कितीतरी महिने त्याच कलमात अडकून होते.

अभ्यासक व्हा की पत्रकार, शिकायची सोय पुण्यात दोन्हींची आहे. विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, पत्रकारितेला रानडे इन्स्टिट्यूट. रानडेच्याच आवारात परकीय भाषांचेही वर्ग भरतात. रशियन किंवा जपानी तिथे आत्ताच सुरू करा, वाट कुठलीही धरा.

पैशाचं बोलायचं तर जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार. डेस्कवर पाच वर्षं काढून माझा पगार तिथवर गेला नव्हता. पण जेआरएफ मोजक्यांना मिळते, आणि पीएचडीनंतर अनेकांच्या वाट्याला सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं, येते : तास घ्याल तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही. पत्रकाराचा पगार तुटपुंजा असला तरी बाराही महिने येतो.

आता जरा कडू. मराठी दैनिकात परराष्ट्र बातमीदार असं पद जवळपास नसतंच. पीटीआय या वृत्तसंस्थेची कॉपी मराठीत आणायची, ती निम्मी कापायची आणि ऐनवेळी जाहिरात आली की उरलेलीही काढायची. बीजिंगला कोणी पाठवत नाही. (मला एकदा बारामतीला पाठवलं होतं.) फायदा एवढाच की कोणालाही फोन लावता येतो. गौतम बंबावाले यांच्यासारखे चीनमधले माजी राजदूत पुण्यात भाषणाला आले, की त्यांना गाठून प्रश्न विचारता येतो. अभ्यासक मागच्या रांगेत बसून, ते बोललेलं कागदपत्रांशी जुळतं का ते बघतो. मला विचाराल तर खरी मजा त्याचीच.

तरीही ठरत नसेल तर आधी अभ्यासाची वाट धरा. अभ्यासकाला वर्तमानपत्रात लिहायला पन्नाशीतही बोलावतात, जेआरएफला मात्र वयाची अट तिशीची. आणि त्याआधी एक करा. तो १९९६ चा करार नेटवर आहे, लांबलचक नाही. सलग वाचा. कलम ६ च्या आधीच हात मोबाइलकडे गेला, तर रानडेचा अर्ज भरा.