एमपीसी, एसपी की लॅपटॉप? बीटसाठी पैसे कुठे घालायचे

धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांपासून धारावीतल्या पोटमाळ्यावरच्या स्टुडिओपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मशीनवरची बीट डोलते, लॅपटॉपवरची डोलत नाही.’ या वाक्यापायी नवखी पोरं कर्ज काढून मशीन घेतात, म्हणून ते नीट तपासायला हवं. इथे तीन साधनं एकाच कामाला जुंपली आहेत : आकाईचं एमपीसी वन प्लस, रोलँडचं एसपी-४०४ एमके-टू (दोन्ही सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे पॅडवर बोटांनी वाजवायची मशीनं) आणि एफएल स्टुडिओ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरची प्रोड्यूसर आवृत्ती, सोबत यूएसबीवर चालणारा सोळा पॅडचा कंट्रोलर. काम असं : ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) कापायचा, ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) आठ बारची (आवर्तनांची) बीट बांधायची, खाली ८०८चा (त्या नावाच्या जुन्या ड्रम मशीनचा) खर्ज घालायचा आणि रॅपरला ट्रॅक सुटे करून द्यायचे.

आधी डोलण्याचं बघू. रॉजर लिन यांनी घडवलेलं एमपीसी-६० १९८८ मध्ये आलं, आणि त्याच्या स्विंगची कीर्ती आजही टिकून आहे. पण स्विंग, म्हणजे काही ठोके मुद्दाम जरा उशिरा पाडणं, हा हिशेब आहे. ९० बीपीएमवर एक ठोका सुमारे ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १६७चा. दोन भागांच्या जोडीत दुसरा भाग किती अंतरावर पडतो ते स्विंगचा टक्का सांगतो, ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ५४ टक्क्यांवर प्रत्येक जोडीतला दुसरा भाग १३ मिलिसेकंद उशिरा पडतो, ५८वर २७, ६२वर ४०. एफएलमध्ये स्विंगची पट्टी आहे, पण तिचं माप वेगळं. तिथे ५४ लावून एमपीसीचं ५४ मिळत नाही. त्यापेक्षा पियानो रोलमध्ये (नोटा मांडायच्या चौकटीत) हाताने करा. एफएलमध्ये मुळात एका ठोक्याचे ९६ टिक (बारीक भाग) असतात, जुन्या एमपीसीवरही तेवढेच होते. ठोक्यातला दुसरा आणि चौथा भाग २ टिक मागे सरकवला की साधारण ५४ टक्के, ४ टिक सरकवला की ५८, ६ टिक सरकवला की ६२. ऑल्ट दाबून नोट ओढली की ती रेघेला चिकटत नाही. फक्त हाय-हॅट (झांजेचा आवाज) सरकवा. किक आणि स्नेअर (ड्रमचे मुख्य ठोके) आधी जागेवर ठेवून ऐका. स्विंग या मुद्द्यावर मशीनला जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

आता ढोलकीची गोष्ट, कारण इथे स्विंगचा आकडा कामालाच येत नाही. लावणीच्या ठेक्याला स्वतःचा झोल असतो आणि तो दर मात्रेला सारखा नसतो. त्यावर ५८ टक्के स्विंगचे हाय-हॅट बसवले की दोन्ही एकमेकांना ढकलतात आणि बीट लंगडते. लूप क्वांटाइझ करून (थापा मोजलेल्या जागांवर खेचून) हा झोल मारू नका. लूप आहे तसा ठेवा, पडद्यावर दिसणाऱ्या त्याच्या ध्वनिलहरीत थापांच्या जागा पाहा आणि हाय-हॅट तिथे नेऊन बसवा. हे काम मोठ्या पडद्यावर पाच मिनिटांत होतं. एमपीसीच्या सात इंची टचस्क्रीनवर होतं, पण बोटाने झूम करत बसावं लागतं. एसपीच्या इवल्या पडद्यावर त्याच्या वाटेला जाऊ नये, तिथे कानानेच वाजवा.

कापणीत मात्र मशीन बाजी मारतं. एमपीसीवर सॅम्पल एडिटमध्ये चॉप (तुकडे पाडणं) निवडा. थ्रेशोल्ड पद्धत आवाजाचा चढ पाहून कापते. हलगीला ती अचूक बसते, कारण काडीचा कडकडाट एकदम उठतो. ढोलकीवर ती दोन प्रकारे फसते : बोटांच्या हलक्या थापा सुटतात, किंवा संवेदना वाढवली की एका भरणीचे (सलग जलद थापांचे) वीस तुकडे होतात. म्हणून आधी रीजन पद्धतीने १६ सारखे भाग करा आणि मग प्रत्येकाची सुरुवात हाताने थापेवर आणा. खर्जाच्या बाजूची घुमारेदार थाप दाबत नेलेली असते, तिचा सूर वर सरकतो. तो सरकता शेपूट मध्येच तुटला तर टक् असा आवाज येतो. तुकड्याचा शेवट जरा लांबवा, रिलीज (आवाज विरायचा वेळ) १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. सगळे तुकडे एकाच म्यूट ग्रुपमध्ये घाला, म्हणजे पुढची थाप मागचीला गिळते.

एसपीची खरी ताकद स्किप-बॅक. मशीनमधून नुकतंच जे गेलं त्याचे शेवटचे काही सेकंद एका बटणावर हाती येतात. रेकॉर्ड चालू करायला विसरल्यामुळे चांगली चाल निसटण्याचं दुःख त्यामुळे संपतं. एखाद्या पॅडवर व्हिनाइल सिम (जुन्या तबकडीसारखा आवाज करणारा इफेक्ट) लावून तेच पुन्हा रेकॉर्ड करायचं, त्यावर पुन्हा इफेक्ट, असं थर चढवणं इतक्या सहज दुसरीकडे होत नाही. सोळा पॅडशेजारी सब पॅड आहे, त्याने रोल झकास वाजतात.

एफएलमध्ये स्लाइसेक्स या कापणीच्या साधनावर फाइल टाकली की तुकडे लगेच पडतात आणि खुणा माउसने सरकवता येतात. खरेदी करताना मात्र जपा : सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करता येत नाही. सॅम्पलवर बीट करणाऱ्याने प्रोड्यूसरच्या खाली उतरू नये. चाचणी आवृत्तीत फाइल जतन होते, पण बंद केल्यावर परवान्याशिवाय पुन्हा उघडत नाही. दिलासा हा की एकदा परवाना घेतला की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात.

जुन्या मशीनचा खरखरीतपणा हवा असेल तर कारण समजून घ्या. १९८७चं ई-म्यू कंपनीचं सॅम्पलर एसपी-१२०० बारा बिटचं, सुमारे २६ किलोहर्ट्झचं (आजच्या मानाने भरड आवाजाचं), आणि रेकॉर्डिंगला सगळी मिळून दहा सेकंदांची जागा. जागा वाचवायला ३३च्या तबकड्या ४५वर वाजवून सॅम्पल घेत आणि मशीनमध्ये परत खाली उतरवत. सॉफ्टवेअरमध्ये हाच क्रम पाळा : सॅम्पल साधारण पाच अर्धसूर वर न्या, १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर उतरवून ते रेंडर करा (नवी फाइल काढा), मग पाच अर्धसूर खाली आणा. नुसता बिटक्रशर (आवाज भरड करणारा इफेक्ट) शेवटी लावला तर ती मजा येत नाही, कारण सूर उतरताना खरखर पण खाली यायला हवी.

लॅपटॉपवाल्यांचा खरा शत्रू म्हणजे पॅड मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८चा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा गठ्ठा) म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२चा ११.६, वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. पॅड वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्स करताना १०२४. विंडोजवर स्वतःच्या एएसआयओ ड्रायव्हरचा (उशीर कमी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकात आवाज नेणारी-आणणारी पेटी, घ्या. लॅमिंग्टन रोडवर घेताना ‘ड्रायव्हर कंपनीचाच आहे ना’ एवढं विचाराच. ब्लूटूथ हेडफोनवर पॅड वाजवूच नका, तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. मशीनवर हा सगळा व्याप नाही : बटण दाबा, वाजवा. ज्याचा हात चालतो आणि माउस हातात आला की ज्याची लय तुटते, त्याने या एका कारणासाठी एमपीसी घेतलं तर पैसे वाया जाणार नाहीत.

८०८साठी तिन्हीकडे नियम तोच. खर्ज गाण्याच्या सुरात लावा, आवाज एकपदरी ठेवा (एफएलच्या सॅम्पलरमध्ये ‘कट इटसेल्फ’, एमपीसीवर मोनो), नाहीतर दोन लांब नोटा एकमेकींवर चढून चिखल होतो. ५५ हर्ट्झचा शुद्ध खर्ज फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटल्यासारखा करणं) देऊन ११० आणि १६५चे उपस्वर उठवले की तीच ओळ रिक्षातल्या स्पीकरवरही कळते.

बीट पुरी करण्यात लॅपटॉपला तोड नाही. एकट्या एमपीसीवर संगणकावरचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकता येत नाहीत, आणि त्याच्या दोन इनपुटना कंडेन्सर माइकला लागणारी वीज (फँटम पॉवर) मिळत नाही. रॅप रेकॉर्ड करायला प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारी पेटी) वेगळा लागतोच. ट्रॅक सुटे काढणं दोन्हीकडे जमतं. २४ बिट वेव्ह द्या, सगळ्या फाइली पहिल्या बारपासून सुरू करा, नावात बीपीएम आणि सूर लिहा, शिखर उणे ६ डेसिबलपाशी ठेवा.

आमचा निवाडा असा. पहिली खरेदी म्हणून लॅपटॉप, प्रोड्यूसर आवृत्ती, पॅड कंट्रोलर आणि बंद पाठीचे वायरवाले हेडफोन. दहा बाय दहाच्या खोलीत, पलीकडे शेजारी झोपलेले असताना हेच चालतं. दुसरी खरेदी एसपी-४०४ : पिशवीत मावतं, सहा एए सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालतं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर कल्याणपर्यंत एक बीट होते. एमपीसी वन प्लसला बॅटरी नाही, कुणी प्लग काढला की जतन न केलेलं काम गेलं.

जुनं मशीन घेताना मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आलेलं ११७ किंवा १२० व्होल्टचं, जपानचं १०० व्होल्टचं असू शकतं. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावलं तर आतला पॉवर सप्लाय जळतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रत्येक पॅड अगदी हलका आणि अगदी जोरात मारून पाहा. एका थापेला दोन आवाज आले तर आतला सेन्सर गेलेला असू शकतो. नॉब फिरवताना खरखर आली तर ती बहुतेक दमट हवेची. काँटॅक्ट क्लीनरने सुटते. जून ते सप्टेंबर मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला.